डाग काचेवर की आकाशात?

शनिवार, १४ मार्च. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी धूळ झटकण्यासाठी मला दुर्बिणीतून बाहेर काढण्यात आलं. नऊ बाराला माझ्यावर बुरशी सापडली.

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. कॅमेऱ्यापुढे बसवायची, कोटाच्या बटणाएवढी काच. तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा मी आत सोडतो, बाकीचा अडवतो. फहादने मस्कतला एका हौशी निरीक्षकाकडून मला घेतलं आणि पालीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या बहिणीला, सईदाबाईंना, दिलं. शाळेमागच्या कातळावर आम्ही सहा वर्षं काम केलं.

कौतुकही झालं. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तुळसाताईंनी मला प्लॅस्टिकच्या डबीतून काढून लेकीच्या नथीच्या मखमली डबीत ठेवलं. चूक तिथेच झाली. मखमलीने पावसाळाभर ओल धरून ठेवली, आणि दिवाळीपर्यंत डबी कुणी उघडली नाही; उघडली तेव्हाही टॉर्च धरून मला कुणी निरखलं नाही.

बाईंचं लक्ष सप्तर्षींच्या बाजूच्या एका छोट्या दीर्घिकेवर होतं. अंतर सव्वा कोटी प्रकाशवर्षं. तिथे शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून गिळणारं काहीतरी आहे, बहुधा कृष्णविवर. त्यापाशी प्रचंड क्ष-किरण निघतात. आपली हवा ते अडवते, म्हणून जमिनीवरून ते दिसत नाहीत. पण त्यांच्या माऱ्याने भोवतालचा वायू उजळला, तर तो उजेड माझ्यातून जातो. फेब्रुवारीत बाईंच्या चित्रात त्या जागेभोवती फिकट कडं उमटलं. तिथे असा तेजोमेघ कुणी नोंदवलेला नव्हता. पुण्याचे संशोधक सोमवारी मोठी दुर्बीण तिकडे वळवायला तयार होते. बाईंनी रविवारी दुपारी बारापर्यंत खात्री कळवायची होती.

टॉर्च तुळसाताईंच्या हातात होता.

"बाई, ही बघा. लोणच्यावर धरते तशी धरलीय."

"म्हणजे माझा तेजोमेघ लोणच्यातलाच निघायचा, तुळसाताई."

"मीच ठेवलं ओ मखमलीत. नथीला कधी काय झाला नाय."

"नथीतून कुणी आकाश बघत नाही."

"पुसू काय पदराने?"

"हात लावू नका! आधी ही काच फिरवून चित्र घेऊ. कडं काचेबरोबर सरकलं, तर बुरशीचं. जागेवर राहिलं, तर आकाशातलं."

"आणि सरकला तर? पुण्याला सांगणार?"

"सांगावंच लागेल."

तुळसाताईंनी टॉर्च विझवला. "मग नका फिरवू."

बाईंनी मला पाव वळसा फिरवून पुन्हा बसवलं.

मित्रांनो, बुरशी माझ्या अंगावर आहे, पण कडं माझं की आकाशाचं, हे मलाही ठाऊक नाही. मी प्रकाश सोडतो, चित्र बघत नाही. एवढं मात्र सांगतो: काचेला मखमल नको, कोरडी हवा हवी. आणि जपून ठेवलेली वस्तू मधूनमधून उघडून बघावी.

पावणेदहाला, वीस मिनिटं प्रकाश गोळा करून, एक चित्र मिळालं. कडं जागेवरच होतं, पण आधीच्यापेक्षा निम्म्याने फिकट; त्यातलं काही बुरशीचं होतं की काय, हे एका चित्रावरून ठरत नव्हतं. दुसरं चित्र घेण्याआधी समुद्राकडून मळभ आलं. साडेअकरापर्यंत ते हटलं नाही.

बाईंनी त्याच रात्री पुण्याला तीन वाक्यं लिहून पाठवली. "फिल्टरला बुरशी आहे. पडताळणी एकदाच झाली. दोन्ही चित्रं सोबत जोडली आहेत."

रविवारी दुपारी चारपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.