तीन बोटांचे अंतर

भालकीच्या बाजारात बाणूबाईने काळ्या देशी कोंबडीच्या शेपटीखाली बोटे लावून पाहिली. दोन हाडांमध्ये दोनच बोटे मावली, म्हणजे अंडी बेताचीच. पाय हळदीसारखे पिवळे, हाड थोराड. घरून निघताना तिच्या नवऱ्याने, मायाप्पाने, सांगितली होती तशीच: अंडे तिसऱ्या दिवशी, पण सात वर्षे दमायची नाही.

शेजारच्या डालीत विलायती पांढरी होती. मोगलाईत ही जात नवीनच आलेली. हिच्या हाडांत तीन बोटे सहज बसली, आणि अंडी घालून घालून पायांचा रंग पार उडाला होता.

“ही रोज घालती, अक्का,” विकणारी कमलम्मा म्हणाली. “पर वर्सात दमती. तुला किती दिस पायजे?”

बिदरच्या हकिमाने मायाप्पाची छाती तपासून बाणूबाईला एकटीला बाहेर बोलावले होते. रोज एक अंडे द्या, म्हणाला. संक्रांत दिसणे मात्र कठीण. आता भादवा सरत आला होता. हे नवऱ्याला कळले तर तो आजच हातपाय गाळेल, या धास्तीने तिने सारे पोटात ठेवले होते.

तिने पांढरी उचलली.

घरी मायाप्पा बाजेवर उठून बसला. साऱ्या गावाच्या कोंबड्या पारखणारा माणूस तो. कोंबडी त्याच्या मांडीवर ठेवताना बाणूबाईला उमगले: हा बोटे लावणार, आणि आपण हीच का आणली ते ओळखणार. एवढी शहाणी बाई, पण हे आधीच कसे तिच्या ध्यानात आले नाही! त्याची बोटे शेपटीखाली गेली. तीन. मग त्याने फिकट पायावरून अंगठा फिरवला.

“देशी न्हाई भेटली?”

“व्हती. मरतुकडी व्हती.”

त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत बाणूबाई पदराचे टोक पिळत उभी राहिली.

“बरी आणलीस,” तो म्हणाला. “पर ही जात खुडूक बसत न्हाई, अंडी उबवत न्हाई. पैली धा अंडी शेजारच्या सोजराबाईच्या खुडूक कोंबडीखाली ठिव. मला देऊ नको.”

“कामून? हकिमानं रोज खायला सांगितलंय की तुमाला.”

“कोंबडा गावचाच हाय, पिल्लं देशीवानी टिकतील.” त्याने कोंबडी तिच्या हातात दिली. “चैतात अंड्यावर येतील. तुला व्हतील.”

बाणूबाई कोंबडी झाकायला परसात गेली. डालीवर दगड ठेवला, तरी ती कितीतरी वेळ आत आली नाही.