शेंदरीचं आजारपण

२००६ च्या जुलैतली गोष्ट. मी न्यूझीलंडला मनुरेवाच्या एका फार्मसीत कामाला होते. एका शनिवारी दुपारी ओळखीतला नितीश आला आणि बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत शाम्पूच्या फळीपाशी घुटमळत राहिला. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. जवळच टाकानिनीला त्याचं भाड्याचं घर होतं. बायको सुनीता आणि सात महिन्यांची केतकी.

काउंटर मोकळा झाल्यावर त्याने हळूच एका अँटिबायोटिकच्या इंजेक्शनचं नाव घेतलं.

"प्रिस्क्रिप्शन?" मी विचारलं.

"नाहीये, ताई. अगदी थोडं लागेल. पाव मिलीसुद्धा नाही."

"कुणासाठी?"

त्याने दाराकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही पुण्याला सर्पोद्यानात काम केलंयत ना? उद्या घरी याल का?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. न्यूझीलंडमध्ये साप नाहीत आणि पाळायलाही सक्त बंदी आहे. इथल्या शाळकरी पोरांनासुद्धा ते ठाऊक असतं.

रविवारी जेवणं आटोपून मी गेले. सुनीता केतकीला खांद्यावर टाकून हॉलमध्ये फेऱ्या मारत होती. माझ्याकडे बघून कशीबशी हसली. नितीशने मला थेट मागच्या लाँड्रीत नेलं. वॉशिंग मशिनशेजारी चादरीखाली काचेची पेटी होती.

आधीच्या भाडेकरूने ती गॅरेजमध्ये सोडली होती, आत जिवंत सापासकट. नितीशच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज तेव्हा नुकताच गेला होता. कळवलं तर आपल्यावरच येईल म्हणून त्याने आज कळवू, उद्या कळवू करत वर्ष काढलं. तोवर त्या सापाचा, खरं तर मादीचा, लळा लागला. रंगावरून त्याने तिला नाव दिलं शेंदरी.

त्याने चादर उचलली. मला आधी आवाज ऐकू आला. बारीक शिट्टीसारखा, प्रत्येक श्वासाला.

शेंदरी काचेला टेकून डोकं उंच धरून बसली होती. तोंड अर्धवट उघडं. नाकपुड्यांवर बुडबुडे. मी ग्लोव्ह्ज घालून तिला उचललं, तर ती हाताला विळखाच घालेना, ओल्या दोरीसारखी लोंबत राहिली. जबडा उघडून पाहिला. आत चिकट तारा आणि हिरड्यांवर पिवळट थर. पेटीच्या कोपऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर पडला होता आणि पातळ, घाण वासाची विष्ठा.

"कधीपासून?"

त्याने फळीवरून वही काढली. सगळं तारखेवार लिहिलेलं. बारा जूनला, इथल्या ऐन थंडीत, पेटीचा हीटर बिघडला. सोळाला खाणं सोडलं. बावीसला पहिल्यांदा शिट्टी. एक जुलैला उलटी.

"फुप्फुसं भरलीत हिची," मी म्हणाले. "आतडंही गेलंय. व्हेटशिवाय काही होणार नाही."

"व्हेट रिपोर्ट करेल."

"करेलच."

मी ग्लोव्ह्ज काढून हात धुवायला सिंककडे वळले. सिंकमध्ये सापाचं पाण्याचं भांडं उपडं घातलं होतं. त्याच्याशेजारी, त्याच ओल्या फडक्यावर, बाटल्या घासायचा ब्रश आणि दुधाच्या दोन बाटल्या.

बाहेर सुनीता काहीतरी गुणगुणत होती. केतकीचा आवाज नव्हता. मी आल्यापासून तो एकदाही ऐकला नव्हता.

मी हात घासून धुतले आणि हॉलमध्ये गेले. "सुनीता, हिला काय होतंय?"

"गुरुवारपासून जुलाब. ताप उतरतो, परत चढतो. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, पाणी देत राहा."

"जुलाबात रक्त?"

"आज सकाळी जरा लालसर वाटलं."

मी केतकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सुरकुती लगेच मिटली नाही. टाळू खोल गेली होती. मी दंडाला जोरात दाबलं तरी ती रडली नाही, नुसती बघत राहिली.

"आत्ता हॉस्पिटल," मी म्हणाले. "आणि घरात साप आहे हे तिथे सांगायचं. सापाच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असतो, आणि हिच्या दुधाच्या बाटल्या लाँड्रीत सापाच्या भांड्याशेजारी आहेत. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात गेला तर मेंदूपर्यंत पोचतो."

नितीश दारात उभा होता. "जुलाब एवढंच सांगितलं तर? टेस्टमध्ये कळेलच ना त्यांना."

"कळायला दोन दिवस लागतील."

"ताई, पुढच्या महिन्यात अर्जाचा निकाल आहे. आम्हाला परत पाठवतील."

सुनीताने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने हुकावरची गाडीची किल्ली घेतली. "बाटल्या तिथे कुणी ठेवल्या?" तिने विचारलं.

"किचनचं सिंक भरलं होतं," तो म्हणाला.

गाडी मी चालवली. इमर्जन्सीत नर्सने नाव विचारायच्या आत सुनीताने सांगून टाकलं, "आमच्या घरात साप आहे. आजारी आहे." नर्सने तिथूनच डॉक्टरला हाक मारली. जुलाब नेमके किती वाजता सुरू झाले, किती वेळा झाले, डॉक्टरने नितीशला विचारलं. त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही. सुनीताने दिली.

जंतू रक्तात पोचला होता. मेंदूत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर काही सांगता आलं नसतं. केतकी सतरा दिवस आत होती. पाचव्या दिवशी ती सलाइन लावलेला हात हलवत मोठ्याने रडली, तेव्हा सुनीता बाहेर पॅसेजमध्ये येऊन भिंतीला टेकून बसली.

मधल्या काळात दोन अधिकारी शेंदरीला घेऊन गेले. तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं. नितीशने स्वतः सगळं लिहून दिलं. निकाल पुढे गेला, पुन्हा चौकशी झाली, आणि दीड वर्षाने रेसिडेन्सी मिळाली, पण एकट्या सुनीताला, तिच्या स्वतःच्या अर्जावर. तोवर ती केतकीला घेऊन बॉटनी डाउन्स या दुसऱ्या उपनगरात वेगळी राहायला गेली होती. नितीश कामाच्या तात्पुरत्या व्हिसावरच राहिला आणि दर शनिवारी तिथे जायचा. दाराशी पोचला की आधी बाहेरच्या नळावर हात धुवायचा, कोपरापर्यंत, बराच वेळ. तो आत येईपर्यंत सुनीता लेकीला कडेवर घेऊन उभी असायची.