अडखळत बोलणाऱ्या सम्राटाचा कायदा

उन्हाळ्यात ख्रेस्ते तापाने फणफणली, तेव्हा तिच्या मालकाने, ओपियसने, तिला आमच्या बेटावर आणून टाकलं. तिबर नदीतल्या या बेटावर वैद्यदेव एस्क्युलापियसचं देऊळ आहे. आजारी गुलामावर खर्च नको, घरात मरण नको, म्हणून लोक त्याला देवाच्या पायरीवर सोडून जायचे. जगला तर परत न्यायचे. मलाही असंच सोडलं होतं. पण पुढे सम्राट क्लॉडियसने नियम केला, की टाकलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र. तशीच मी सुटले आणि इथेच देवळात राहिले. आणि टाकायचं सोडून कुणी त्याला मारलं, तर तो खून.

त्या माणसाला सगळं रोम हसायचं. पाय ओढत चालायचा, बोलताना अडखळायचा. पण धान्याच्या जहाजांसाठी बंदर त्यानेच बांधलं, डोंगरातलं पाणी शहरात त्यानेच आणलं, आणि आमच्यासारख्यांचा विचारही त्यालाच सुचला. रोज सकाळी देवाला विहिरीचं पाणी घातल्याशिवाय मी घास घेत नाही. पाणी घालून झालं, की त्याचंही नाव घेते.

सम्राट वारला त्याच शरदात ओपियस आला. डोक्यावर ताजी फुलमाळ. ख्रेस्ते पायऱ्या झाडत होती, ठणठणीत.

"चल गं घरी. बायकोचे केस दुसऱ्या कुणाला जमत नाहीत."

"मालक, मी आता सुटलेय."

"कुणी सोडवलं? त्या तोतऱ्याने? विषारी आळंबी खाऊन मेला तो, कायदाही त्याच्याबरोबर गेला. आणि मी तुला टाकलं कुठे? देवाच्या हवाली केलं होतं."

पायथ्याशी मासे विकणारी सबिना म्हणाली, "हवाली करताना तिच्या अंगावरची घोंगडी तेवढी काढून नेलीत, शेठ."

लोक जमले. ओपियसने ख्रेस्तेचं मनगट धरलं. मी पुढे झाले, पण तिने मान हलवून मला थांबवलं.

"मालक, ही माळ कसली?"

"दिव्य क्लॉडियसच्या पूजेची. सिनेटने त्याला देव केलंय. आमच्या आळीत पहिला धूप मी जाळला."

"मग सम्राटाचा शब्द पुढचा सम्राट बदलेल. देवाचा कोण बदलणार? आणि त्याचीच माळ घालून, देवळाच्या दारात, तुम्ही त्याला तोतरा म्हणालात."

"आम्ही सगळ्यांनी ऐकलं हो," सबिना म्हणाली.

कुणी हसलं नाही. ओपियसने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याची पकड सुटली. "बायकोला सांगतो, मेली म्हणून," असं पुटपुटत तो उतरून गेला.

ख्रेस्ते झाडू ठेवून पायरीवर बसली. मग मला म्हणाली, "आजी, मी आता कुठल्या पुलावरून जाऊ?"

बेटाला दोन पूल आहेत. एक शहरात जातो, दुसरा पलीकडच्या तीरावर.

"तुला हवं त्या," मी म्हणाले.

ती दोन्हीकडे पाहत बराच वेळ बसून राहिली. कुठे जायचं ते स्वतः ठरवण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.