शांत क्षणासाठी दगडू माळ्यावर

दर शनिवारी दगडूला माळ्यावर चढवत. वर्षातून एकदा लागणारं मोठं पातेलं चढवावं, तसं.

कारण त्याचा खोकला. गिरणीत छातीत कापूस बसला तो बसलाच. आणि खाली, त्याच्याच खोलीत, बायको रखमाकडे चाळीतलं जेवण शिकायला पाहुणे यायचे. जग हिंडून दमलेली ही गाढवं शांतता शोधायला डिलाईल रोडला यायची! वर्ग भरवणारा हर्षवर्धन म्हणायचा, "काका, मसाला भाजताना आपला शांत क्षण असतो. तेवढं खोकू नका." दगडूला एकच हवं होतं: आपल्या घरात, भिंतीला पाठ टेकून, गरम जेवायला. मिळायचं ते पाहुणे गेल्यावर, उरलंसुरलं.

त्या शनिवारी हर्षवर्धनने अख्ख्या चाळीला हात जोडले. टीव्ही बंद, नळ बंद, भांडणं पुढे ढकललेली. रखमाने तव्यावर सुक्या मिरच्या टाकल्या. ठसका उठला. पाहुणे मांडी घालून शांतता चाखत बसले, नाकाडोळ्यांतून धारा. गॅलरीत चाळकरी तोंड मिटून उभे. असला तमाशा कुणी पाहिला नव्हता. माळ्यावर दगडूने तोंडात टॉवेल कोंबला.

समोरच्या चाळीतून कमळाबाईने बघितलं. भरदिवसा चाळ गप्प. रखमाचं दार सताड उघडं, आत परके लोक डोळे पुसतायत, आणि दगडू कुठेच नाही. गिरणगावात याचा अर्थ एकच. तिने मालवणीत हंबरडा फोडला.

"गेलो गो बाय! दगडूभावजी गेलो!"

तिच्या चाळीतल्या गणपती मंडळाच्या राजारामने मांडवाचे बांबू काढले. कुणी मडकं आणलं, कुणी हार. कमळाबाई तर उंबऱ्यातच बसली. "भावजी कधी कुणाला उलट शब्द बोललो नाय!" कालच तिने नळावर दगडूला भडवा म्हटलं होतं.

वर्गाला पुण्याहून आलेल्या मानसीने हर्षवर्धनला विचारलं, "हे वर्गाच्या फीतच धरलंय ना?"

"हो, सगळं त्यातच."

मग तीही मन लावून रडली.

रखमा शिडीकडे धावली. हर्षवर्धन आडवा आला. "मावशी, व्हिडिओ चालू आहे. काका आत्ता उतरले तर सगळं फिसकटेल."

"अरे, जिवंत आहेत ते!"

"नंतर सांगू ना!"

दगडूला वर सगळं ऐकू आलं. दाराशी राजाराम तिरडी बांधायला बसला. "लांबी किती धरू?"

"साडेपाच फूट," माळ्यावरून आवाज आला. "पण त्या बांबूवर गणपतीचा मांडव उभा राहतो, भोसडीच्या!"

किंकाळ्या उठल्या. दगडू शिडी उतरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मेल्या, जिवंत असून रडवलंस?" कमळाबाई कडाडली.

हर्षवर्धनचे डोळे चमकले. "काका, दर शनिवारी जमेल? वर थांबायचं, रडारड झाली की उतरायचं."

रखमाने हातातला कालथा त्याच्या नाकासमोर धरला. "दर शनिवारी मरायला ह्यांना तुझ्या बापाने पगारावर ठेवलंय काय रे?"

तिने भिंतीशी बसलेल्या पाहुण्याला उठवलं आणि तिथे पाट ठेवला. ताटात वाफाळता भात, वर बांगड्याचं कालवण. "बसा तुम्ही. आधी घरातला माणूस."

दगडू टेकला. भात कालवला. आत पाहुणे, बाहेर बांबू धरलेली पोरं, सगळे त्याच्या हाताकडे बघत राहिले.

"बघताय काय?" पहिला घास गिळून तो म्हणाला. "रखमा, आणखी भात टाक. ही सगळी माझ्या मयतासाठी कामाला दांडी मारून आलीत."