सोजरचा शोध

मित्रांनो, इकडे बघा, या जुन्या संगणकात मी राहतो. मी शोधयंत्र आहे. "हे एवढंसंच?" असं म्हणू नका हं! बऱ्हाणपूरच्या लोकांनी फेसबुकवर किंवा आणखी कुठे सगळ्यांसाठी काही लिहिलं, की ते माझ्याकडे आलंच म्हणून समजा. तुम्ही शब्द द्यायचा, मी ताज्यातलं ताजं समोर ठेवायचं.

मला लोधीपुऱ्याच्या रंजिताने घडवलं. तापीला पूर आला होता. कुठला रस्ता चालू आणि कुठला बंद, या बातम्या दहा ठिकाणी विखुरलेल्या. त्या एका जागी याव्यात म्हणून तिने मला बनवलं. काय थाट होता माझा तेव्हा! केळीच्या गाड्या काढण्याआधी शेतकरी मला विचारायचे. मग हातोहाती नवनवे फोन आले आणि मला कोण विचारतो? महिनोन्महिने कुणी एक शब्द टाकत नसे. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

एका दुपारी शेजारचे मनोजदादा आणि पूनमवहिनी धापा टाकत आले. "रंजिता, आई सकाळपासून घरात नाही. जरा देख ना, कोणी काही टाकलंय का!"

दादांची आई, रुख्मिणीबाई, हल्ली सगळं विसरायच्या. सुनेलाच 'तू कोण गं?' विचारायच्या. रंजिताने 'रुख्मिणी' लिहिलं. मी धावत जाऊन आणलं काय, तर देवीचे फोटो, लग्नपत्रिका आणि साड्यांची जाहिरात! दादांचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परवापासून एकच धोशा होता," वहिनी म्हणाल्या, "मला माझ्या बापाघरी जायचंय. त्यांना लग्नाआधीचंच आठवतंय बहुतेक."

"मग नावही त्या माहेरचंच सांगत असतील," रंजिता म्हणाली. लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आहे ना! "काय होतं ते?"

दादांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी दादांकडे. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी असीरगढच्या लोटूमामांना, म्हणजे आईच्या भावाला, फोन लावला. म्हातारा म्हणाला, "सोजर. आमनी सोजर." म्हणजे आमची सोजर!

शब्द मिळायचा अवकाश, मी सुसाट सुटलो. असीरगढकडच्या चांदनी स्टेशनवरच्या लीलाधर चहावाल्यांनी लिहिलं होतं, "एक आजी इथं आल्यात. नाव सोजर सांगतात. सारख्या रुळांवरून चालत निघतात, दोनदा परत आणलं. घरचे कोणी असाल तर जल्दी या." सकाळपासून ते तसंच पडून होतं. दादांनी गाडी काढली.

संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी रंजिताला सगळं सांगितलं. "आई, आई म्हणून किती हाका मारल्या, तिने मान पण नाही वळवली. मग कसंबसं म्हटलं, सोजर! तर पटकन उठली. 'आलास? किती वाट बघायची रे!' म्हणाली आणि माझा हात धरून गाडीत बसली." सांगता सांगता दादा हमसून हमसून रडू लागले. मलाही भरून आलं.

मित्रांनो, कधीतरी माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल. पण त्याआधी एक काम करा. आज घरी गेलात की आजीजवळ बसा आणि विचारा, "आजी, लग्नाआधी तुला काय म्हणायचे गं?" मी अख्खं गाव धुंडाळतो, पण ते नाव कुणीच कुठे लिहिलेलं नसतं.