सील ठोकलेल्या गाळ्यातली बरणी

पालिकेचे साहेब, तुम्ही जीव घेताय. शटरला टाळं ठोकलंत, वर सील मारलंत, वीज तोडलीत आणि गाडीत बसून गेलात. आत कोण आहे ते वाकून बघितलंसुद्धा नाहीत. म्हणून मीच सांगते.

मी एक जुनी जॅमची बरणी आहे. हसू नका, मित्रांनो. जॅम संपल्यावर मी भंगारात गेले, तिथून सुचेताने मला उचललं. सुचेता म्हणजे राई गावच्या राघोबाबांची बीएस्सी झालेली सून. गोडदेवच्या या गाळ्यात तिने छोटी प्रयोगशाळा मांडली. इथे रोपं मातीत नाही, बरणीतल्या जेलीत वाढतात. त्याआधी जंतू मरावेत म्हणून आम्हाला कुकरमध्ये उकडतात. मी कधी कुरकुरले नाही. भंगारातून उठून कामाला लागले होते ना!

राघोबाबांच्या शेतात पांढरी शेवंती. नवा रंग निघावा म्हणून सुचेताने तिच्या काड्या संशोधन केंद्रात नेऊन त्यांवर किरणांचा मारा करून आणला. बहुतेक काड्या मेल्या. जगलेल्यांतल्या एकीवरच्या फुलाच्या अर्ध्या पाकळ्या मात्र घासलेल्या तांब्यासारख्या निघाल्या! असा रंग बाजारात कुणाकडेच नव्हता. शेताभोवती इमारती उठल्या होत्या, बिल्डर रोज चहाला यायचा. राघोबाबा म्हणाले, "पोरी, यो रंग टिकला तं जमीन विकाची न्हाय. न्हाय टिकला तं सही करून मोकला."

आणि सकाळी फूल गायब! सासूबाईंनी फांदीसकट कापून गावदेवीला वाहिलं होतं. त्या घरात हंगामाचं पहिलं फूल देवीचंच.

"आई, तसं एकच होतं हो!"

"मंग? चांगलं तुज्या बाटलीला नि उरलंसुरलं देवीला?"

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्याने तेच फूल प्रसाद म्हणून परत दिलं. सुचेता ते ओंजळीत धरून धावत आली. तांबूस पाकळ्या धुऊन, बारीक कापून तिने बरण्यांत ठेवल्या. बाकीच्यांत बुरशी धरली. माझ्यात एका पाकळीच्या कडेला हिरवा ठिपका फुटला, त्याचं इवलं रोप झालं. शेतातल्या झाडाला पुढे सगळी पांढरीच फुलं आली. तो रंग आता फक्त माझ्या पोटात आहे.

मग शेजारच्या गाळेवाल्याने बेकायदा माळा चढवला आणि तुम्ही अख्खी रांग सील केलीत. सुचेता हात जोडत होती, "एक बरणी तेवढी घेऊ द्या." तुमचा माणूस हसला. "क्या मॅडम, जॅम की बाटली के लिए रोती है? नया खरीद लो!"

आता दिवा नाही, एसी नाही. जेली आटतेय. रोप पिवळं पडलंय, शटरखालच्या फटीकडे मान वळवून उभं आहे. मी काच. मला त्याला कवेत घेता येतं, उजेड देता येत नाही.

आज बाहेर दोघांचे आवाज आले.

"बाबा, अजून थोडं थांबा ना."

"कवापावत थांबाचा? तुजा साहेब कचेरीत गावत न्हाय. उद्या बिल्डर कागद घेऊन येतंय."

मग सुचेताने फटीला तोंड लावलं. "जग गं बाई," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, बरण्या फेकू नका, झाडं जपा, असं काहीतरी शेवटी सांगायचं असतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याला विचारते. साहेब, माळा शेजाऱ्याचा, मरायचं आम्ही का? टाळं त्या सहीच्या आधी उघडताय की नंतर? बोला. उत्तर द्या.