पाच खात्यांतला एक रिपोर्ट

लातूरच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोचा, शरणम्माचा, स्कॅन दिव्यासमोर धरला आणि उजव्या फुप्फुसातल्या एका ठिपक्यावर पेनाचं टोक टेकवलं. शरणम्मा तेव्हा बाहेरच्या बाकावर होती. आठ वर्षांपूर्वी खोकल्यासाठी नांदेडला तिचा असाच स्कॅन झाला होता, असं मी सांगितलं. ते म्हणाले, तो घेऊन या. ठिपका तेव्हाही असेल आणि एवढाच असेल, तर फारशी काळजी नाही. नसेल, तर तुकडा काढून तपासावा लागेल. सोमवारी या.

बाहेर येऊन मी शरणम्माला एवढंच म्हणालो, की जुना रिपोर्ट मागितलाय, पद्धत असते त्यांची.

नांदेडचं ते स्कॅन सेंटर आता बंद पडलं आहे. फिल्म घर बदलताना गेली. रिपोर्ट ईमेलनं आला होता हे आठवत होतं. कोणत्या ईमेलवर, ते आठवत नव्हतं. आमच्याकडं ई-सेवा केंद्रात फॉर्म भरायला गेलं की केंद्रवाला विचारतो, ईमेल हाय का? मागं रांग असते, आपण चाचरतो, आणि तो चटकन नवा काढून देतो. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर दिले, पण त्या रांगेत स्वतःचा पत्ता मला कधी धड सांगता आला नाही. उमरीला नोकरीत असताना एक निघाला, शिरूर अनंतपाळला जमिनीच्या कामात एक, निलंग्यात पेन्शनच्या वेळी दोन. शिवाय कॉलेजचा. पासवर्ड मात्र सगळ्यांनी एकच दिला होता, माझं नाव आणि पुढं एक-दोन-तीन.

पाचही खाती उघडून पाहिली. रिपोर्ट सापडला नाही. मुलगा रविकिरण नांदेडला असतो. तो फोनवर म्हणाला, तिथला शोध अटॅचमेंटच्या आत जात नसेल. सगळ्या खात्यांची पत्रं एका जागी आणून आतपर्यंत शोधणारं सॉफ्टवेअर घ्या, पुष्कळ आहेत.

पुष्कळ आहेत, हीच अडचण होती. एक फुकट होतं, पण पाचही पासवर्ड त्यांच्याकडं द्यायचे. आमची पत्रं कुठल्या गावात, कोणाच्या कपाटात जाणार, कळेना. दुसरं दिसायला देखणं, पण अटॅचमेंटमधला शोध पैसे भरल्यावर. तिसरं पत्रं आपल्याच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणारं. ते मला पटलं. पण त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, की उतरवताना त्याची मूळ पत्रं पुसली गेली. मी लोकांची मतं वाचत राहिलो. एकानं चांगलं म्हटलं की दुसऱ्याची तक्रार दिसायची, आणि मला तक्रारच खरी वाटायची.

शेवटी तिसरं घेतलं. त्यात एक चौकोन होता: उतरवल्यावर मूळ पत्रं काढून टाका. खूण आधीच केलेली. मी ती काढली. पुढं गेलो, मागं आलो, पुन्हा पाहिली. आधी शिरूरचं बिनकामाचं खातं लावून पाहिलं, मग धीर करून बाकीची चार.

सगळं उतरल्यावर शरणम्माचं नाव टाकलं. लग्नपत्रिका आल्या, गॅसची पावती आली. 'स्कॅन' टाकलं, तर आधारकार्डाचे, सातबाऱ्याचे, पोरांच्या मार्कमेमोचे स्कॅन आले. रिपोर्ट नाही. ती खूण मी खरंच काढली होती, की काढलेली पुन्हा केली? असेल-नसेल तो पुरावा मीच पुसला, असं वाटलं, आणि कळफलकावरचे हात मी मांडीवर घेतले.

"दोन दिस झाले, काय करायलात?" शरणम्मा दारात उभी होती. "जेवण न्हाई, बोलणं न्हाई."

मग मला सगळं सांगावं लागलं. ठिपका, तुकडा, सोमवार. ती खाली बसली.

"मला कोणत्या नावानं हुडकलात?"

"शरणम्मा."

"ते तुमच्या घरचं. दवाखान्यात आधार दिलं होतं, त्याच्यावर माहेरचंच हाय."

आमच्या लग्नात आईनं तिचं नाव बदललं होतं. महामाया हे नाव त्यानंतर या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मीही नाही. ते टाइप केलं आणि पेन्शनच्या वेळच्या एका खात्यातलं एकच पत्र वर आलं. खाली अटॅचमेंट.

आधी चहा घेऊ, असं मी म्हणालो.

"चहा कुठं पळून चालला न्हाई. उघडा."

उघडलं. इंग्रजी मजकूर होता, त्यात स्कॅन हा शब्दच नव्हता, नुसतं 'सीटी'. उजव्या फुप्फुसाची ओळ मी दोनदा वाचली. स्वच्छ, काही आढळलं नाही. तिला इंग्रजी येत नाही. ठिपका तेव्हाही होता म्हणून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण ती पडद्याकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"तेव्हा नव्हता," मी म्हणालो.

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "मग सोमवार कशाला? उद्याच्या एसटीनं जाऊ. रवीला सांगा, लातूरलाच ये म्हणावं."

मी फोन लावला. रविकिरण पलीकडून आप्पा, आप्पा म्हणत होता, आणि सुरुवात कुठून करावी ते मला सुचेना. शरणम्मानं हात पुढं करून माझ्या हातातला फोन घेतला.